फोन लागला तं

मोना, नंबर पाठच करून ठेव.
कागदावरचा सात ऐन टायमावर एक दिसते.
कार्यक्रम गुरवारी साडेपाचले,
तू पाच अठ्ठाविसालेच बोट चालू कर,
साडेपाचले अख्खा जिल्हा तेच बटन दाबते.

पान्याच्या टाकीची चौथी पायरी.
तिथी दोन कांड्या भेटतात.
पाचवीवर एकच. वर गेल्यावर कमी काऊन होते
थे मले इचारू नोको.

मी गिरणी बंद करतो तुह्यासाठी.
पट्टा थांबाले अर्धा मिन्ट घेते,
मंग ज्वारीचं पीठ हवेतून खाली बसते,
तेवढं बसू दे, खोकला येते बोलतानी.
आन् झिंगराजीले म्हन, बाबा, रेडिओ बंद कर,
थो टाकीखालीच बसते मांडीवर घेऊन.
नाई तं आपलाच आवाज फिरून येते
आन् आपल्यालेच चावते, कुईई करत.

एंगेज लागन. लागू दे.
मले बाविसाव्या खेपेले लागला.
पह्यले एक पोट्टा उचलते, रागात नसते, घाईत असते.
नाव, गाव, इषय. तेवढंच सांगजो.
मंग थो म्हनते, थांबा.
त्या थांबन्यात गानं नाई, काईच नाई,
दूर कोनीतरी खुर्ची सरकवल्यावानी वाटते.
लोकं तिथीच कट करतात, लागला नाई म्हून.
लागला असते.

ताईनं "बोला" म्हटलं का
हॅलो हॅलो करत बसू नोको.
आवाज येते का म्हून इचारू नोको, येते.
जेवन झालं का, थे तं बिल्कुल नाई.
एकच प्रश्न. दोन इचारले का पह्यला मरते.

मी लावला तवा सापाचा इषय होता.
कारंज्याचे एक सर्पमित्र आले होते.
म्या इचारलं, सर, धामन गाईच्या पायाले इळखा घालून
दूध पेते का हो?
सर हासले. म्हने, ओठच नाईत त्याइले,
ओढन कशानं?

मले माईत होतं. सातवीच्या पुस्तकात होतं.
माही बहीन मथुरा म्हने पेते,
आबाजीच्या गोठ्यात म्या डोयानं पाह्यलं म्हने.
त्याच्यावरून नाई फाटलं आमचं,
फाटलं थे आईच्या पोतीवरून,
नऊ सालं झाले आता.
पन साप पोतीच्या आधीचा.

म्हून म्या म्हटलं, सर,
थे ओठाचं जरा जोरानं सांगा,
वणीपर्यंत गेलं पाह्यजे.
ताई खुदकन हासली. सरनं पुन्हा सांगितलं, जोरानं.

मी खाली उतरेपर्यंत गानं लागलं होतं.
झिंगराजी म्हने, पंचफुलाबाई, तुमचा आवाज
रेडिओत कवळा वाटते म्हने पोरीवानी.
त्यानं रेडिओ बंद केलाच नव्हता,
नुसता पोटाशी दाबून धरला होता.

गानं सरलं. पुढचा फोन.
"बोला, कोण बोलताय?"
कोनी बोललं नाई.
मांगं गाडी चालली होती कोयशाची,
रुळाच्या जोडावर डबा, डब्यामांगं डबा,
सरतच नव्हती.
ताई म्हने, हॅलो? हॅलो?
रेडिओवाल्यांनाच म्हना लागलं शेवटी, आवाज येतोय का?
मंग म्हने, फोन कट झालेला दिसतो.
अठराक डबे झाले होते मोजून.

पन पाय मोना,
नाव, गाव, इषय सांगितल्याबिगर
थो पोट्टा कोनालेच आत सोडत नाई.
म्हंजे तिनं सांगितला असन.
काईतरी इषय सांगितला असन.

तुले का इचाराचं थे मले नोको सांगू.
पाच चोवीस झाले. जाय,
चौथी पायरी. सातचा एक करू नोको.
डबा ठेव तिथी, दयनाचं मी पायतो.